स्वारगेटहून, हजार रुपयांच्या पेन्शनीबद्दल

प्रति,
मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री, भारत सरकार,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाचे सर्व सदस्य

महोदय,

मी पुण्यात स्वारगेटजवळ राहते. सकाळी स्टँडवर भोर, वेल्हे, वाई, सातारा, सोलापूर अशा गाड्या लागतात आणि त्यांतून उतरणाऱ्यांत म्हातारी माणसे पुष्कळ असतात. कुणी ससून रुग्णालयात निघालेले असतात, कुणी मुलाकडे. काही जण मात्र शंकरशेठ रस्त्याने गोळीबार मैदानाकडे, पीएफ ऑफिसला जातात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची झेरॉक्स, बँकेचे पासबुक, आधार कार्ड आणि गेल्या वर्षीच्या हयातीच्या दाखल्याची पावती. पंच्याहत्तरी उलटलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीत तिकीट लागत नाही, पासष्ट ते पंच्याहत्तरला निम्मे लागते. हे चांगले केलेत, आणि मी ते मनापासून म्हणते. म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर पडता येणे ही मोठी गोष्ट आहे. पण ज्या पेन्शनीसाठी ही माणसे एवढ्या लांबून येतात तिची रक्कम ऐकली की पुढे काय बोलावे ते सुचत नाही. म्हणून हे पत्र.

हिशेबच समोर मांडते. १९८३ साली वाहक म्हणून लागलेला आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला एसटीचा एक कर्मचारी घ्या. एसटी हे राज्याचे महामंडळ, पण तिथल्या माणसाला राज्य सरकारची पेन्शन नाही. त्याला लागू होते ती कर्मचारी पेन्शन योजना, १९९५. साखर कारखान्यातल्या, सूतगिरणीतल्या, भोसरीच्या कंपनीतल्या, खासगी शाळेच्या ऑफिसातल्या माणसालाही तीच लागू आहे. १६ नोव्हेंबर १९९५ ला ती सुरू झाली. मालक पीएफपोटी जी वर्गणी भरतो तिच्यातले पगाराच्या ८.३३ टक्के इतके पैसे पेन्शन फंडात जातात आणि केंद्र सरकार त्यात १.१६ टक्के घालते. मात्र हे टक्के सहसा पुऱ्या पगारावर धरत नाहीत. सरकारने ठरवलेल्या मर्यादेपर्यंतच धरतात. ही मर्यादा सुरुवातीला ५,००० रुपये होती, २००१ पासून ६,५०० झाली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे. आपला वाहक निवृत्त झाला तेव्हा ती ६,५०० होती. सूत्र असे: या मर्यादेपर्यंतचा पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले सत्तर. १९९५ नंतरच्या अठरा वर्षांचे होतात महिना १,६७१ रुपये. त्याआधीच्या वर्षांचे थोडे वेगळे मिळतात. सगळे धरून दोन हजारांच्या आसपास.

तीस वर्षांची नोकरी. मुक्कामाच्या गाडीत झोपलेल्या रात्री, दिवाळीत आणि गौरी-गणपतीत घरी न जाता केलेल्या डबल ड्यूट्या, घाटात बंद पडलेल्या गाडीतल्या पन्नास माणसांची जबाबदारी. त्या नोकरीचे महिना दोन हजार. आणि त्यातली खरी गोम पुढे आहे. ही रक्कम जी एकदा ठरली ती ठरली. तिला महागाई भत्ता नाही, आयोग नाही, वाढ नाही. २०१३ साली जेवढे हातात पडत होते तेवढेच २०२५ सालीही पडले. तो वारल्यावर बायकोला त्यातले निम्मे.

किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. विधवेलाही किमान तेवढेच. त्याआधी तीनशे-चारशे रुपये पेन्शन घेणारी माणसेही होती, त्यांना त्या वेळी याचा आधार झाला हे खरे. पण २०१४ च्या हजार रुपयांत जेवढे सामान येत होते, तेवढ्याला सरकारच्याच महागाई निर्देशांकाने आज सोळाशेहून जास्त मोजावे लागतात. उलटा हिशेब केला तर आजच्या हजाराची किंमत त्या वेळच्या सहाशेच्या घरात येते. कुणी आदेश काढला नाही, कुणी सही केली नाही, आणि तरी या माणसांची पेन्शन चाळीस टक्क्यांच्या आसपास कापली गेली. आदेश निघाला असता तर मोर्चे निघाले असते, विधानसभा बंद पडली असती. महागाईने केलेली कपात कागदावर दिसत नाही.

आता याच केंद्र सरकारचा दुसरा निर्णय शेजारी ठेवून पाहा. १ एप्रिल २०२५ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी एकीकृत पेन्शन योजना सुरू झाली. किमान दहा वर्षे नोकरी झालेल्या कर्मचाऱ्याला तिच्यात महिना किमान १०,००० रुपयांची हमी आहे, आणि त्यावर महागाईची जोड. आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्येच या योजनेला मान्यता दिली. तिला माझा काही विरोध नाही. शिक्षक, परिचारिका, पोलीस यांचे म्हातारपण सुरक्षित असलेच पाहिजे. पण ९५ च्या योजनेतही पेन्शनीसाठी किमान दहाच वर्षांची नोकरी लागते. दहा वर्षे इकडे, दहा वर्षे तिकडे. एकाला दहा हजार, दुसऱ्याला एक हजार, आणि दोन्ही किमान रकमा ठरवणारे सरकार एकच. यातला दहापट फरक कोणत्या तत्त्वावर बसतो, ते आपण आम्हाला समजावून सांगावे.

हा प्रश्न नवा नाही, आणि उत्तराचा मसुदाही आपल्या दप्तरी पडून आहे. राज्यसभेच्या याचिका समितीने भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखाली या योजनेचा अभ्यास केला आणि २०१३ साली किमान पेन्शन ३,००० रुपये करून तिला महागाई भत्ता जोडावा, अशी शिफारस केली. २०१९ मध्ये कोश्यारी महाराष्ट्राचे राज्यपाल होऊन आले, २०२३ मध्ये परतही गेले. ती शिफारस तशीच राहिली. २४ डिसेंबर २०१८ ला बुलढाण्यात या पेन्शनरांनी साखळी उपोषण सुरू केले. सत्तरी ओलांडलेली माणसे पाळीपाळीने मंडपात बसू लागली. ऊन, पाऊस, निवडणुका, करोना, सगळे येऊन गेले. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालची राष्ट्रीय संघर्ष समिती महिना साडेसात हजार रुपये, महागाई भत्ता आणि नवरा-बायकोला मोफत औषधोपचार मागते आहे. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ ला वाढीव पेन्शनीबद्दल निकाल दिला. त्याचा उपयोग मर्यादेपेक्षा जास्त पगारावर वर्गणी भरलेल्यांना, आणि तोही अटी पाळून अर्ज केलेल्यांना. हजार-दीड हजारवाल्याच्या वाट्याला त्यातले काही आलेले नाही.

आपले नेहमीचे उत्तर मला ठाऊक आहे. हा सामाईक फंड आहे, त्यात जेवढे जमते त्यातूनच द्यायचे, आणि मूल्यांकनात फंडात तूट दिसते. हे उत्तर मी बाजूला सारत नाही. महिना ५४१ रुपये वर्गणीतून, म्हणजे ६,५०० च्या ८.३३ टक्क्यांतून, आयुष्यभराची भरघोस पेन्शन निघत नाही हे कुणालाही कळते. पण ती वर्गणी इतकी कमी कुणी ठेवली? पगार वाढत होते आणि तेरा वर्षे मर्यादा ६,५०० वर अडकून राहिली. २०१४ पासून ती १५,००० वर अडकली आहे. मर्यादा पगारांबरोबर सरकली असती तर फंडात आज जास्त पैसे असते. ती सरकवणे कामगाराच्या हाती नव्हते. दुसरे असे की हजार रुपयांची किमान पेन्शन आजही फंडाच्या जोरावर चालत नाही. तिला कमी पडणारे पैसे केंद्र सरकार १.१६ टक्क्यांच्या वर, अर्थसंकल्पातून वेगळे देते. म्हणजे किमान रक्कम किती असावी हा प्रश्न मुळात अर्थसंकल्पाचा आहे. तिथे फंडाच्या तुटीचे कारण लागू पडत नाही.

रकमेपेक्षाही मला महागाईची जोड महत्त्वाची वाटते. साडेसात हजारांची मागणी रास्त आहे. पण समजा उद्या आपण साडेसात हजार मान्य केले आणि ते गोठवून टाकले, तर पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा कुणीतरी मंडपात बसेल. तेव्हाच्या म्हाताऱ्यांत आज स्विगीच्या पिशव्या पाठीवर घेऊन सारसबागेवरून धावणारी पोरे असतील. अटल पेन्शन योजनेचेही तेच आहे. १८ ते ४० वयात नाव घालायचे आणि साठीनंतर एक ते पाच हजारांची हमी. आज पंचविशीत असलेल्या मुलाने हजाराची हमी घेतली तर २०६० च्या सुमारास त्याच्या हाती ते हजार पडतील. तेव्हा त्या हजारात काय येईल? आणि जो आज पंचेचाळीस, पन्नास, साठ वर्षांचा आहे त्याला या योजनेचे दारच बंद आहे.

एसटीचा विषय सोडण्याआधी एक सांगते. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा जो संप चालला त्याची मागणी महामंडळाच्या राज्य सरकारात विलीनीकरणाची होती. तेव्हा शहरातल्या बैठकांत, हे लोक अडवणूक करतात, असे मी पुष्कळदा ऐकले. प्रवाशांचे हाल झाले, परीक्षेला निघालेल्या गावाकडच्या मुलींचे जास्त झाले, हे मीही पाहिले. पण सरकारी कर्मचारी होण्याची ती ओढ नुसत्या पगाराची नव्हती. त्या माणसांनी आपल्या आधी निवृत्त झालेल्यांकडे पाहिले होते. आगारात पासाच्या कामाला आलेला जुना सहकारी, त्याची विटलेली पँट, औषधाच्या चिठ्ठीतली निम्मीच औषधे घेण्याची सवय. आपलेही असेच होणार, ही भीती त्या संपाच्या पोटात होती. या मागणीसाठी नेमलेल्या समितीने विलीनीकरण अव्यवहार्य ठरवले, संप मिटला. भीतीचे कारण जागच्या जागी आहे.

मुख्यमंत्री महोदय, आता आपल्याकडे वळते. ज्यांना पीएफचे दोन हजार तरी मिळतात त्यांच्याहून मोठा वर्ग असा आहे ज्याने कधी पीएफचा फॉर्म पाहिलेला नाही. स्वारगेटच्या रांगेतला रिक्षावाला, पर्वती पायथ्याला चार घरची धुणीभांडी करणारी बाई, कचरा वेचणारी, गुलटेकडीच्या मार्केटयार्डाबाहेर टपरी टाकून बसलेला, गावाकडचा शेतमजूर. या वर्गासाठी राज्याकडे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. पासष्टीपुढे महिना १,५०० रुपये. २०२३ मध्ये आपल्याच युतीच्या सरकारने हजाराचे दीड हजार केले, त्याची नोंद मी करते. पण तिची उत्पन्नाची अट पाहा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. महिन्याला १,७५० रुपये. दिवसाला अठ्ठावन्न, आणि तेही एका माणसाचे नव्हे, अख्ख्या घराचे. २०२४–२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे घरातल्या एकाने वर्षातून एकाहत्तर दिवस रोजगार हमीवर खडी फोडली की ते घर या योजनेच्या हिशेबाने श्रीमंत ठरते. सरकारच्याच कामावर सरकारचीच मजुरी घेतली म्हणून म्हाताऱ्या आईचे दीड हजार जातात.

ही अट इतकी अशक्य आहे की ती पाळून अर्ज करता येत नाही. मग तलाठ्याकडून एकवीस हजारांचा दाखला मिळवावा लागतो, आणि तो मिळवण्यासाठी कुणाला तरी शब्द टाकावा लागतो. आयुष्यभर कुणाचा पै न बुडवलेली माणसे म्हातारपणी खोट्या कागदावर अंगठा उठवतात. ज्याला हे जमत नाही किंवा ज्याच्या मनाला ते पटत नाही, तो बाहेर राहतो. योजनेने सर्वांत गरीब शोधायचे ठरवले होते. ती शोधते ते ओळख असलेले.

आणि आता आपल्याच दुसऱ्या योजनेकडे पाहा. जुलै २०२४ पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात. रक्कम श्रावणबाळएवढीच. वय २१ ते ६५, आणि कुटुंबाची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये. म्हणजे सरकारच्या मते चौसष्ट वर्षांच्या बाईचे घर वर्षाला अडीच लाख कमावत असले तरी तिला दीड हजारांची गरज आहे. मला हे मान्य आहे. पण तिची पासष्टी झाली की ते पैसे थांबतात, आणि श्रावणबाळच्या दारात तिला सांगतात की तुमच्या घराचे उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असल्याचे दाखवा. एका वाढदिवसाने अडीच लाखांची मर्यादा एकवीस हजारांवर येते. गुडघे दुखायला लागलेले असतात, कामे सुटलेली असतात, नवरा बहुधा गेलेला असतो, आणि नेमकी तेव्हा अट घट्ट होते. ज्या वयात गरज वाढते त्या वयात सरकार हात आखडता घेते, असा याचा अर्थ होतो. तसा हेतू नसेल असे मी धरून चालते. दोन योजना दोन खात्यांनी दोन काळांत आखल्या आणि मधली फट कुणी पाहिली नाही, एवढेच झाले असेल. मग ती आता पाहा. २०२४ मध्ये सुरू केलेल्या वयोश्री योजनेत चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी पासष्टीपुढच्यांना एकदा ३,००० रुपये देताना आपण दोन लाखांची मर्यादा धरली. म्हणजे एकवीस हजारांची मर्यादा चुकीची आहे हे सरकारने स्वतःच एका ठिकाणी कबूल केले आहे.

केंद्राचा वाटा तर सांगवत नाही. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या दारिद्र्यरेषेखालच्या माणसामागे केंद्र महिना २०० रुपये देते. २००७ साली २०० होते, आजही २०० आहेत. ऐंशीनंतर ५००. त्याच २००७ मध्ये संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा केला. मुलाने सांभाळले नाही तर आईवडिलांनी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जावे. न्यायाधिकरण मुलाला महिना १०,००० रुपयांपर्यंत द्यायला लावू शकते. कायदा चांगला आहे, अनेकांना त्याने आधार दिला. पण म्हातारपणी जगायला महिन्याला हजारांत पैसे लागतात हे संसदेला तेव्हाच कळले होते, हेही त्यातून दिसते. तो बोजा मुलावर टाकताना आकडा दहा हजारांपर्यंत गेला. स्वतःच्या तिजोरीवर घेताना दोनशेवर थांबला. आणि तो मुलगा कोण असतो? बहुतेकदा रोजंदारीवरचा, स्वतःच्या म्हातारपणाची सोय नसलेला.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. महागाई भत्त्यासह. मोठी रक्कम नाही, पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येते आणि दर थोड्या काळाने वाढते. त्या पैशाने आईला काय दिले ते मी घरात रोज पाहते. ती नातवाला वाढदिवसाला स्वतःच्या पर्समधून नोट काढून देते. डॉक्टरांकडे जायचे ती ठरवते. कुणाला विचारत नाही. भाचीच्या लग्नात आहेर तिच्या नावाने जातो. आमच्याकडे ती येते तेव्हा पाहुणी म्हणून येते, आणि कंटाळा आला की आपल्या घरी जाते. तिच्याच वयाची, आमच्या जिन्यात झाडलोट करायला येणारी बाई तिच्याशी कधी कधी बोलत बसते. दोघींनी आयुष्यभर सारखेच कष्ट केले. माझ्या मते दुसरीने जास्त. दोघींचे नवरे गेले. एकीच्या नवऱ्याची नोकरी सरकारी होती आणि दुसरीचा गवंड्याच्या हाताखाली होता, एवढ्या एका गोष्टीने दोघींचे पुढच्या वीस वर्षांचे जगणे ठरले. आईला हे दिसते. ती एकदा म्हणाली, मला मिळते ते काढून हिला द्यावे असे कुणी म्हटले तर मला चालणार नाही, पण हिलाही मिळायला हवे गं. माझेही म्हणणे तेवढेच आहे.

आता बाहेरचे दोन देश पाहा. चीनकडे आज सगळे जग पाहते आहे, कारण तिथे २०२४ च्या अखेरीस साठीपुढची माणसे एकतीस कोटींवर गेली, लोकसंख्येच्या बावीस टक्के. एकेक मूल असलेल्या घरांवर चार-चार म्हाताऱ्यांचा भार आला आहे. त्या सरकारने १ जानेवारी २०२५ पासून निवृत्तीचे वय हळूहळू वाढवायला घेतले. तिथेही शहरातल्या निवृत्त कामगाराची पेन्शन बरी आणि खेड्यातल्या म्हाताऱ्याची अगदी तुटपुंजी, ही दरी आहे, आणि तिच्यावर तिथे टीका होते. तरी खेड्यांसाठीची जी किमान रक्कम २००९ मध्ये महिना ५५ युआन होती ती २०२४ मध्ये १२३ आणि २०२५ मध्ये १४३ झाली. आपल्या पैशांत सतराशेच्या आसपास. ती पुरत नाही. पण ती सरकते. आपले दोनशे सरकत नाहीत. नेपाळसारख्या लहान, गरीब देशाने १९९५ च्या सुमारास पंच्याहत्तरीपुढच्यांना १०० नेपाळी रुपयांनी सुरुवात केली. आज अडुसष्टीपुढच्या, दुसरी सरकारी पेन्शन नसलेल्या नागरिकाला तिथे ४,००० नेपाळी रुपये मिळतात, आपले अडीच हजार. उत्पन्नाचा दाखला न मागता.

महाराष्ट्राला हे शिकायला नेपाळपर्यंत जायची गरज खरे तर नव्हती. २०११ च्या जनगणनेतच आपल्या राज्यात दर दहा माणसांत एक साठीपुढचा होता, एक कोटीहून जास्त माणसे. आता त्याहून पुष्कळ अधिक असणार. आणि याच राज्याने देशाला वाटा दाखवल्या आहेत. १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. एक मालक नसलेल्या, आज या पेढीवर तर उद्या त्या पेढीवर ओझी वाहणाऱ्या हमालाला पीएफ आणि ग्रॅच्युइटी कशी द्यायची, हा तेव्हा अशक्य वाटणारा प्रश्न मजुरीवर मालकांकडून घेतलेल्या लेव्हीच्या साध्या युक्तीने सुटला. दुष्काळानंतर रोजगार हमी आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि तिच्यासाठी १९७५ पासून पगारदारांवर व्यवसाय कर बसला. माझ्या पगारातून तो आजही वर्षाला अडीच हजार कापला जातो. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुरासाठी थोडे द्यायचे, हे या राज्याने कायद्यात लिहिले आणि पगारदारांनी ते मानले. म्हाताऱ्यांसाठी असे काही मागितले तर आम्ही नाही म्हणणार नाही. याच पुण्यात हमाल पंचायत उभी करणाऱ्या डॉ. बाबा आढावांनी अरुणा रॉय यांच्याबरोबर २०१२ मध्ये पेन्शन परिषद स्थापन केली आणि असंघटित कष्टकऱ्यांना दिल्लीत जंतरमंतरवर नेऊन बसवले. तेव्हा मागणी महिना दोन हजारांची होती. ती तेव्हा मान्य झाली असती आणि तिला महागाईची जोड मिळाली असती, तर आज हे पत्र लिहावे लागले नसते.

केंद्रीय मंत्री महोदय, विश्वस्त महोदय, आपल्याकडे मागणे असे. ९५ च्या योजनेची किमान पेन्शन वाढवा, आणि किती वाढवता त्याआधी तिला महागाई निर्देशांकाशी जोडा. ही जोड किमान रकमेपुरती न ठेवता जुन्या सगळ्या पेन्शनरांना द्या, कारण २०१३ च्या वाहकाचे दोन हजार ही गोठलेलीच रक्कम आहे. वर्गणीची मर्यादा दर दोन-तीन वर्षांनी आपोआप बदलेल अशी तरतूद नियमातच करा. ती मंत्र्यांच्या मर्जीवर ठेवू नका. वृद्धापकाळ पेन्शनीतल्या केंद्राच्या दोनशे रुपयांचा येत्या अर्थसंकल्पात विचार व्हावा. हयातीच्या दाखल्यासाठी बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून कुणाची पेन्शन थांबू नये. चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय आपण केली आहे, पण त्यासाठी लागणारा मोबाइल वेल्ह्याच्या म्हातारीकडे नसतो. ती सोय पोस्टमनने आणि ग्रामपंचायतीने घरी जाऊन करून द्यावी, आणि तिचे पैसे तिच्याकडून घेऊ नयेत.

मुख्यमंत्री महोदय, आपल्याकडे त्याहून सोपे मागणे आहे. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेतली एकवीस हजारांची अट काढून तिथे लाडकी बहीणची अडीच लाखांची मर्यादा लावा, बाई असो की पुरुष. लाडकी बहीणमधल्या ज्या बाईला पासष्ट पूर्ण होतील तिचे नाव पुढच्या महिन्यात आपोआप श्रावणबाळमध्ये जावे. तिने नवा अर्ज, नवा दाखला, नवी फेरी करू नये. तिचे आधार, तिचे खाते, तिचे वय, सगळे आपल्याकडे आहे. पैसे लागतील, मान्य आहे. पण पासष्टीपर्यंत जे दीड हजार आपण त्याच बाईला देतच होतात, तेच पुढे चालू ठेवायचे आहेत. आणि वेळ लागेल असे कुणी म्हणाले तर त्यांना २०२४ ची आठवण करून द्यावी. २८ जूनला लाडकी बहीण योजना जाहीर झाली. १४ ऑगस्टपासून खात्यांत पैसे पडू लागले आणि १७ ऑगस्टला बालेवाडीत तिचा शुभारंभ झाला. सात आठवड्यांत कोट्यवधी अर्ज, छाननी, खाती, सगळे झाले. इथे तर नवे अर्जही मागवायचे नाहीत. मर्यादेचा एक आकडा बदलणारा शासन निर्णय काढायचा आहे.

तो कधी निघेल, हे आपण तारखेसह कळवावे, एवढी विनंती.

आपली,
स्वारगेट परिसरातील एक नागरिक